विहिरीतला घास

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण खरं आहे. राजूरच्या अलीकडं आमचं गाव, घरामागच्याच शेतात बारमाही विहीर, गावातली शेंबडी पोरंसुद्धा तिच्यात उड्या मारायची, आणि आम्ही मालकाची लेकरं काठावर उभी राहून बघायची. माझा थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणते, आता साठीला आलाय. विहिरीवरची मोटार बिघडली की तो दुसऱ्याला खाली उतरवतो आणि स्वतः वरून अक्कल शिकवतो. का, तर म्हणे आमच्या घराला पाणी धार्जिणं नाही.

का नाही, ते मला माझ्या आत्यानं सांगितलं, तिला तिच्या आत्यानं. आमच्या खापरपणजोबाला एक धाकटा भाऊ होता. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य आणि मुंबईत इंग्रजाचं. जालन्याचा कापूस बैलगाड्यांत भरून घाट उतरून मुंबईला जायचा. हा भाऊ गाडीवान म्हणून गेला आणि तिथं कुण्या मुकादमाच्या नादी लागून शिडाच्या जहाजात चढला. व्यापाऱ्याचं जहाज होतं. मालाबरोबर त्यात माणसंही कोंबायची आणि लांब कुठल्या तरी बेटावर ऊस तोडायला न्यायची. पुढच्या हंगामात गाडीवान परत आले ते बातमी घेऊन, की जहाज बुडालं. कुठं बुडालं, कुणी पाहिलं, जहाजाचं नाव काय, कशाचाच पत्ता नाही.

घरच्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली आणि मग रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा माणूस केला. ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याला असा पानांचा करून जाळतात. दहावा झाला, तेरावा झाला. तेव्हापासून आमच्या घरात पळसाच्या पत्रावळीवर कुणी जेवत नाही. सगळ्या गावाच्या पंगती पळसावर बसायच्या आणि आमच्या पंगतीला वडाची पानं गोळा करत फिरायचं. कागदाच्या ताटल्या आल्या तेव्हा कुठं ह्या कटकटीतून सुटलो.

दुसरी रीत माझ्या गळ्यात पडलेली. सर्वपित्री अमावस्येला सगळेच कावळ्याला घास टाकतात. आमच्यात त्यानंतर आणखी एक घास विहिरीत टाकायचा, पाण्यात गेलेल्याला पाण्यात. आणि तो घरच्या लेकीनंच टाकायचा, सुनेनं नाही. त्या एका घासापायी मी दर वर्षी जालन्यातलं माझं शिवणाचं दुकान बंद ठेवते आणि एसटीत धक्के खात गाव गाठते. घास टाकताना ओवी म्हणायची. गेलेल्याच्या बहिणीनं जात्यावर रचलेली, असं सांगतात.

मुंबईच्या बंदरात, जहाजाच्या पुढं बाई
भाऊ माझा तिनं नेला, माघारी धाडला न्हाई

जहाजाच्या पुढं बाई म्हणजे कोण, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "असंल कुणी अवदसा. तू घास टाक जल्दी."

तिसरी एक गोष्ट होती, तिला आम्ही रीत म्हणत नव्हतो, अपमान म्हणत होतो. दिवाळी झाली की वडीगोद्रीकडचं एक धनगर कुटुंब मेंढ्या घेऊन आमच्या बाजूला येतं. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्यांचं खत आयतं मिळतं, म्हणून जो तो त्यांना बोलावतो. गावात सगळ्यांच्या रानात त्यांच्या मेंढ्या बसल्या, आमच्यात कधीच नाही. बापाच्या काळातही नाही. दादा म्हणायचा जास्तीचं धान्य देतो, जेवण देतो. "न्हाई जमत, पाटील," एवढंच उत्तर. दादा दर वर्षी त्यांच्या नावानं खडे फोडायचा.

असं सगळं रांगेला लागलेलं असताना दादाच्या पोरीनं घरात सुरुंग लावला. एकुलती एक लेक, माझी भाची. हुशार, तोंडानं तिखट, थेट माझ्यावर गेलेली. तिनं घरात कुणाला न सांगता मर्चंट नेव्हीची परीक्षा दिली आणि पास झाली. आधी वर्षभर शिकायचं आणि मग मालवाहू जहाजावर कॅडेट म्हणून जायचं. माळावर वाढलेली पोरगी, समुद्र पाहिलेला तो मोबाईलवर. ती दुकानात येऊन हे सांगत होती तेव्हा मी ब्लाऊजला हुक लावत होते. सुई बोटात गेली.

"आगं माय! आन् पोहता कुठं येतं तुला?"

"तिथं शिकवतेत, आत्या."

"घरी सांगितलं का?"

"तुलाच सांगून राह्यले आधी. पप्पाला तू सांग."

"मी? मला काय माझा जीव जड झालाय?"

पण सांगितलं शेवटी मीच, आणि दिवसही नेमका सर्वपित्रीचा गाठला. विहिरीत घास टाकून आम्ही जेवायला बसलो होतो. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं.

"एक गेल्ता ह्या घरातून जहाजावर. आता दुसरं जाणार न्हाई. बिलकुल न्हाई."

भाची शांतपणे म्हणाली, "पप्पा, ते जहाज बुडालेलं कुणी पाह्यलं?"

"बुडालं म्हणूनच आला न्हाई ना त्यो!"

"पण पाह्यलं कुणी?"

दादाला कुणी दोनदा तोच प्रश्न विचारलेला खपत नाही. तो ओरडला, "मंग तूच दाखव ना बुडालं न्हाई म्हणून! दाखव आन् खुशाल जा. मी सोताहून जालन्याला गाडीत बसवून देतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बोलला खरा, आणि माझ्यासमोर आणि वहिनीसमोर बोलला. वहिनी बिचारी वाढायचा चमचा हातात धरून उभीच राहिली.

पोरगी दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जालन्याला आली. दिवाळीनंतर काही दिवसांत तिला हजर व्हायचं होतं, त्याच्या आत एका बुडालेल्या जहाजाला वर काढायचं होतं. मी मशीन चालवायची आणि ती बाजूच्या स्टुलावर बसून फोनमधली जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायची. आमच्या त्या भाऊबंदाचं नाव कुठं सापडणार नव्हतंच. असल्या जहाजात माणसं मेंढरासारखी मोजून भरायची, असं ती म्हणाली. एका दुपारी तिनं एकदम फोन माझ्या नाकासमोर धरला.

चित्र होतं शिडाच्या जहाजाचं. त्याच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या वर, एक लाकडाची बाई बसवलेली होती. सरळ उभी नव्हती. पाण्याकडं पुढं झुकलेली, एक हात पुढं काढलेला, जशी काही वाट दाखवतेय.

"आत्या, जहाजाच्या पुढं बाई!"

पिढ्यान्पिढ्या आम्ही जिला अवदसा म्हणून शिव्या घातल्या ती लाकडाची होती! कुणी बाई त्याला फूस लावून घेऊन गेली, असंच आम्ही धरून चाललो होतो. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याचं माप घ्यायचं मी विसरूनच गेले.

पण तेवढंच. पुढं हाती काही लागेना. मुंबईतून सुटलेली असली जहाजं ढिगानं. एकाबद्दल लिहिलेलं, निघालं आणि पुन्हा खबर नाही. दुसरं बुडालं म्हणून सगळे रडून मोकळे झाले आणि ते नवं नाव लावून भलत्याच बंदरात कोळसा वाहताना सापडलं. तिसरं बेटावर माणसं उतरवून पुढं गेलं आणि गायब. पुढं बाई बहुतेकांना होती. आमचं जहाज ह्यातलं कुठलं, का ह्यातलं कुठलंच नाही, कसं सांगणार? नाव नाही, साल नाही, नुसती एक ओवी. पोरगी माझ्या दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडली. मला दादाचा इतका राग आला, की एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही मी उलटी लावली.

भाऊबीजेला आम्ही गावाकडं आलो. दादानं विचारलं, "मंग? निघालं का जहाज वर?" पोरगी ओवाळणीचं ताट उचलून आत गेली. जिंकलेल्या माणसानं जरा तरी लाजावं की नाही? हा तर मिशीवर हात फिरवत होता.

त्याच आठवड्यात मेंढ्या आल्या. ह्या खेपेला कळपाच्या मागं पिकअप गाडी आली आणि तिच्यातून त्या धनगर कुटुंबाची म्हातारी उतरली. वडीगोद्रीला रस्त्यावर तिच्या लेकाचं हॉटेल आहे आणि गल्ल्यावर ही बसते, असं गावात सगळे सांगायचे. हातभर गोंदण, आवाज खणखणीत, आणि आमच्या बांधाला लागून असलेल्या दुसऱ्याच्या रानात उभी राहून माणसांना कामाला लावत होती. माझं डोकं आधीच तापलेलं. मी भाचीला घेतलं आणि तरातरा बांधावर गेले.

"का वो मावशी, आमच्या रानातले काटे लई टोचतेत का तुमच्या मेंढ्यांला?"

तिनं मला खालून वर पाहिलं. "तू कोण पाटलाची? लेक का सून?"

"लेक."

"मंग सांगते. सुनंला न्हाई सांगितलं असतं." ती खाली ढेकळावर बसली. "आमाला आमच्या बाबाची आण हाय. ह्या रानात मेंढरू बसवायचं न्हाई."

"कोण बाबा?"

"जहाजवाला बाबा."

भाचीनं माझा दंड धरला, तिची नखं रुतली तरी मला कळलं नाही. दादा मागं विहिरीपाशी मोटार बघत होता, तो तसाच हातात पाना घेऊन आला. म्हातारीला त्याचं काही नव्हतं. ती सांगतच राहिली, जणू कालची गोष्ट.

"तुमच्याच घरचा त्यो. जहाज बुडालं म्हणून तुमी त्याला पानाचा करून जाळलं, आन् त्यो आल्ता की चालत, कैक वर्षांनी. दारात उभा राह्यला आन् पाणी मागितलं. थोरला भाऊ बाहेर आला. वळखलं बी बराबर. आन् म्हणला, ज्याला आमी जाळलं त्याला घरात कसं घ्यावं? तेरावा होऊन गेल्ता. त्याच्या हिश्शाचं रान बी वाटून घेतल्तं. मंग मेलेला जिता कोण करतो? दार लावून घेतलं."

"खोटं हाय हे," मी म्हणाले.

"खोटं बोलून मला काय तुझं रान पाह्यजे? ह्या विहिरीपासून पुढचं सगळं त्याच्या हिश्शाचं हाय. इचार तुझ्या भावाला, हा तुकडा तुमी अजून काय म्हणता."

त्या तुकड्याला आम्ही 'धाकट्याचं रान' म्हणतो. कुठला धाकटा, हे आयुष्यात एकदाही आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मंग कुठं जाईल त्यो? ह्या विहिरीवर येऊन बसला. घरातलं कुणी जवळ करीना. मेलेल्याला भाकर कोण देतो? सुनांची तर काय छाती! एक त्याची बहीण होती, नवरा मेला म्हणून माहेरीच राह्यलेली. ती पाण्याला यायची, पदराखाली भाकर आणायची. काठावर ठेवायची, त्याच्याकडं न बघता घागर भरायची आन् माघारी जायची. बघितलं न्हाई, बोलली न्हाई, म्हंजी दिलं बी न्हाई. कुणी काय म्हणणार?"

"काठावर?" मी विचारलं.

"मंग कुठं? भाकर काय पाण्यात टाकत असतेत?"

मी बांधावर बसले. अगं माय माय माय! चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील मला हा घास टाकायला लागून. त्याच्या आधी माझी आत्या, तिच्या आधी तिची आत्या. तो काठावर भुकेला बसलेला आणि आम्ही सगळ्या लेकींनी पिढ्यान्पिढ्या त्याची भाकर नेमानं पाण्यात घातली. वर ओवी म्हणून घातली. लेकीनं का आणि सुनेनं का नाही, तेही आत्ता कळलं. मला रडू येत होतं आणि त्याच्याहून जास्त लाज वाटत होती.

म्हातारी थोडी मऊ झाली. "आमची मेंढरं तव्हा ह्याच रानात बसल्ती. आमच्या माणसांनी चार दिस पाह्यलं आन् म्हणले, चल बाबा आमच्यासंगं. गेला. मेंढरं राखली, आमच्यातच म्हातारा झाला, आमच्यातच मेला. मरताना म्हणला, त्या रानात परत बसू नका."

"गोष्टी काय, कुणी बी रचून सांगतंय," दादा म्हणाला.

"या मंग वडीगोद्रीला. बाबाचा दगड हाय, त्याच्या जहाजाची बाई बी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं निघालो. हॉटेलच्या मागं थोडं चाललं की त्यांचं रान, तिथं लिंबाखाली दोन दगड. एक साधा, गोल, शेंदूर लावलेला. दुसरा पुरुषभर उंचीचा, आणि तो सरळ नव्हता. पुढं कललेला, आता पडतो का मग पडतो असा. दादाचा स्वभावच तो, वाकडं दिसलं की हात घालायचा. पावसानं दगड कलंडलाय असं समजून तो पुढं झाला आणि खांदा लावून सरळ करायला लागला.

"हात लावू नका!" म्हातारी अशी किंचाळली की लिंबावरचे पक्षी उडाले. "तशीच हाय ती! तिरपीच ठिवायची. दर पावसाळ्याला माती खचती आन् आमी परत तशीच तिरपी बसवतो. बाबानं घडवली, त्यानंच सांगितलं. सरळ केली तर ती त्याची बाई न्हाई राह्यत."

दादा चटका बसल्यासारखा मागं झाला. आता मला दगडावरचे छिन्नीचे घाव दिसायला लागले. ओबडधोबड तोंड, मागं गेलेले केस, आणि पुढं काढलेला एक हात. भाचीनं फोन काढला. त्यातलं चित्र उघडून तिनं दगडाच्या शेजारी धरलं आणि बापाकडं पाहिलं. तोच कल. तोच हात. समुद्रापासून इतक्या लांब, जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं एका माणसानं जहाजाचं टोक उभं करून ठेवलेलं.

मला काय झालं कोण जाणे, मी ओवी म्हणायला लागले. दर वर्षीची सवय, त्याच्या नावानं हात जोडले की तोंडातून तेच येणार.

मुंबईच्या बंदरात, जहाजाच्या पुढं बाई
भाऊ माझा तिनं नेला, माघारी धाडला न्हाई

मी थांबले, कारण आमची ओवी एवढीच. आणि म्हातारीनं, तिच्या खणखणीत आवाजात, त्याच चालीवर पुढचं म्हटलं.

माघारी धाडला गं, बसला विहिरीच्या काठी
भाकर माझी पोचती गं, हाक न्हाई येत ओठी

"हे कुठून आणलं तुमी?" मी ओरडलेच.

"बाबा म्हणायचा. विहिरीवर बसला की त्याला घरातून जात्यावरचं ऐकू यायचं. बहीण त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणायची."

म्हणजे अर्धी ओवी आमच्या घरात राहिली आणि अर्धी भावाबरोबर घराबाहेर गेली. आमच्या घरानं तेवढीच ठेवली जेवढी सोयीची होती. मी त्या दगडापुढं बसून मोठ्यानं रडले, लाज नाही, काही नाही. हॉटेलातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली तरी रडले.

मग दादानं म्हातारीला विचारलं, अगदी बारीक आवाजात, "मावशी, जहाजाचं काय झालं मंग? बुडालं का?"

"त्यालाच म्हाईत नव्हतं, लेकरा. त्याला बेटावर उतरवलं आन् ती बाई पुढं गेली, दुसऱ्या बंदराला. पुन्यांदा कुणाला दिसली न्हाई, असं त्यो म्हणायचा. माघारी येताना प्रत्येक बंदरात त्यानं तिची चौकशी केली. कुणी म्हणलं बुडाली, कुणी म्हणलं इकली. मरंस्तोवर इचारत राह्यला. त्याला घराचा राग नव्हता तेवढी तिची काळजी व्हती."

भाची दगडापासून बाजूला आली आणि बापासमोर उभी राहिली. "पप्पा, म्हणजे बुडालंही असंल. मी न्हाई दाखवू शकत. खोटं कशाला सांगू."

मी मनात म्हटलं, घातली पोरीनं कुऱ्हाड पायावर. सांगायचं की नव्हतं बुडालं, कोण बघायला जातंय!

दादा म्हणाला, "मरू दे जहाज. त्याला पाण्यानं कुठं खाल्लं? पाण्यातून तर जिता आल्ता." त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. "कव्हा हजर व्हायचंय तुला?"

निघताना त्यानं म्हातारीला हात जोडले आणि विचारलं, आता तरी मेंढरं बसवाल का? म्हातारी काही अशी विरघळणारी नव्हती. म्हणाली, "तुमच्या घरात जहाजावरून आलेलं माणूस आत घेत न्हाईत. पोरगी जाऊन येऊ द्या. आत गेली की फोन करा, मंग बघू."

पोरगी गेली. दादानं कबूल केल्याप्रमाणं जालन्याला स्वतः गाडीत बसवून दिलं. वर्षभर ती शिकली, पोहायलाही शिकली, आणि मग जहाजावर चढली. सर्वपित्रीला मी घास विहिरीच्या काठावर ठेवला आणि ओवी पूर्ण म्हटली. वहिनी तिकडून बघत होती, तिला म्हटलं, तूही ये, आता लेक-सून काही नाही. जहाज भर समुद्रात गेलं की आठवडेच्या आठवडे फोन लागायचा नाही. टीव्हीवर तिकडं कुठं जहाजावर हल्ला झाल्याच्या बातम्या. गावातले लोक पारावर मुद्दाम विचारायचे, "पोरीची काही खबर न्हाई म्हणं, पाटील?" दादा म्हणायचा, "तिची खबर तिनंच आणायची. दुसऱ्या कुणाची मी घेत न्हाई." असं म्हणायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. मला फोन करून उगाच सुताचा भाव विचारायचा. मी समजायचे.

आली पोरगी, दिवाळी होऊन गेल्यावर. काळी ठिक्कर झालेली, खांद्यावर पोत्याएवढी बॅग. मी आधीच येऊन बसले होते. वहिनीनं रीतीप्रमाणं भाकरतुकडा आणि तांब्या तयार ठेवला होता, लांबून आलेल्या लेकराची नजर काढल्याशिवाय घरात घ्यायचं नाही म्हणून. पोरगी पायरी चढली तशी वहिनी आतून म्हणाली, "थांब गं, दारातच थांब. आत येऊ नकु."

पोरगी थांबली. उंबऱ्याबाहेर, घामेजलेली, आणि तिच्या तोंडून सहज निघालं, "आई, आधी पाणी दे थोडं."

दादा आत खाटेवर होता. असा उठला की खाट उलटली.

"कोण थांबवतंय तिला दारात? ह्या घरात आता दारात कुणाला उभं करायचं न्हाई!" त्यानं वहिनीला बाजूला सारलं, तांब्या लवंडला, आणि पोरीचं मनगट धरून तिला बुटासकट, बॅगेसकट आत ओढलं, थेट स्वयंपाकघरात नेलं. माठातलं पाणी स्वतः काढलं. ती पीत होती तोवर तो तिचं मनगट सोडेना, आणि साठीचा गडी लहान पोरासारखा हमसून रडत होता. पोरगी म्हणाली, "पप्पा, हात सोडा, सांडून राह्यलंय." तरी सोडला नाही.

वहिनी दारात तशीच उभी होती, हातात भाकरीचा तुकडा. मी तो तिच्या हातातून घेतला, विहिरीवर गेले आणि काठावर ठेवला. घरातून दादाचा आवाज येत होता, फोनवर नेहमीसारखा ओरडून बोलत होता.

"हॅलो, मावशी? आली पोरगी. न्हाई न्हाई, दारात न्हाई. घरात हाय. मेंढरं कव्हा आणता?"